रिपोर्ट नॉर्मल आला, पुढे काय?

‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारणं बंद करावं, अशी माझी साधी मागणी आहे. ‘मला अजून काही सापडलेलं नाही’ असं म्हणावं. एवढ्यानं कुठल्याही डॉक्टरची पत कमी होत नाही. समोर बसलेल्या माणसाची मात्र राहते.

चाचणी फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. हिमोग्लोबिन बारा म्हणजे हिमोग्लोबिन बारा, त्यापलीकडे काही नाही. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला तरी हिमोग्लोबिन काही काळ तग धरतं. साठा पाहायचा तर फेरिटिन तपासावं लागतं. कमरेचा एक्स-रे स्वच्छ आला, म्हणजे हाडावर आज तरी खूण उमटलेली नाही. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात ती खूण एक्स-रेवर यायला कित्येक वर्षं जातात. एमआरआयवर ती आधी दिसू शकते, पण एमआरआय सांगायला आधी संशय तर यायला हवा. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे सोनोग्राफीला दिसेल असं काही नाही. एंडोमेट्रिओसिस या बायकांच्या आजाराचे वरवरचे चट्टे नेहमीच्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. या आजाराबद्दलच्या २०२२ सालच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर स्पष्ट बजावलंय, की स्कॅनमध्ये काही दिसलं नाही एवढ्यावरून आजार नाही असं धरू नका.

आता या एकाच आजाराचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या दर दहांपैकी एकीला, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी मुलीबायकांना एंडोमेट्रिओसिस आहे. नाव कळायला पाच ते दहा वर्षं लागणं हे अनेक देशांत नेहमीचं आहे. पाच ते दहा वर्षं म्हणजे दहावीत पोट दुखायला लागलेल्या मुलीचं कॉलेज, पहिली नोकरी आणि बहुतेकदा लग्नसुद्धा. या काळात आई सांगते, सगळ्यांचंच दुखतं. डॉक्टर सांगतात, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सांगतात, एक मूल होऊ दे, मग बघ. या आजारामुळे मूल होण्यातच अडचण येऊ शकते, हे तिला कळतं ते मूल होत नाही म्हणून गाठलेल्या दवाखान्यात. तोवर तिनं किती परीक्षा पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून दिल्या, हे कुठल्या केस पेपरवर नसतं.

माझ्या ओळखीतली एक बाई पिंपरीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. एका तापानंतर तिचं अंग पूर्ववत झालंच नाही. ओट्याशी उभं राहिलं की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोळ्या ती खुर्चीवर बसून लाटते. एक दिवस जरा जास्त काम झालं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. तिची फाइल मी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत उलटली आहे. सीबीसी, थायरॉइड, शुगर, टूडी इको. मग पुन्हा सीबीसी, पुन्हा थायरॉइड, वेगळ्या लॅबमधून, कारण नव्या डॉक्टरांना जुन्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. ईसीजीच्या कागदावरची शाई उडालेली, पट्टी जवळजवळ कोरी. उद्या कुणाला तो ताडून पाहायचा म्हटलं तरी पाहता येणार नाही. चिठ्ठ्या मात्र ठळक अक्षरांत: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, पित्ताची गोळी. आणि एका चिठ्ठीवर सगळ्यात खाली, अर्धी गोळी रात्री, असं लिहिलेलं एक अनोळखी नाव. ती कशाची, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मेडिकलमधल्या मुलानं सांगितलं, ‘ताई, ही टेन्शनची आहे. झोपताना घ्या.’

गोळीबद्दल माझी तक्रार नाही. चिंता आणि नैराश्य हे खरे आजार आहेत, ते अंग दुखवतात, छाती धडधडवतात, त्यांना उपचार आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात. तक्रार आहे ती न सांगता लिहिण्याबद्दल. आणि न विचारता लिहिण्याबद्दल. नैराश्याचं निदान करायचं तर प्रश्न विचारावे लागतात. झोप कशी लागते? पूर्वी आवडायचं त्यात मन रमतं का? किती आठवडे असं चाललंय? यातलं तिला कुणी काहीही विचारलं नव्हतं. सीबीसी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, उरलं ते मनाच्या खात्यावर टाकलं. याला निदान म्हणत नाहीत. असं करणं हा मानसोपचाराचाही अपमान आहे, कारण त्या शास्त्राचं काम दुसऱ्या खात्यांतला शिल्लक माल उचलणं हे नाही.

आणि महिनोन्‌महिने अंग साथ देईना, घरचे विश्वास ठेवेनात, रजा संपून पगार कापला जाऊ लागला, तर कुणाच्याही जिवाला घोर लागेल. त्या घोरालाच आजाराचं मूळ ठरवणं म्हणजे परिणामाला कारण म्हणणं.

मनाचं आहे म्हणून बाजूला सारलेलं पुढे शरीरात सापडलं, असं वैद्यकात वारंवार झालंय. जठरातल्या अल्सरचं खापर कित्येक दशकं ताणतणावावर आणि तिखटावर फुटत होतं. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी अल्सरच्या पेशंटच्या जठरातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. लोक मानेनात, तेव्हा मार्शलनी १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. ज्यांना तोवर ‘स्वभाव शांत ठेवा’ असं सांगून घरी पाठवलं होतं, त्यांच्यातल्या किती जणांना आठवडा-दोन आठवड्यांची अँटिबायोटिक पुरली असती, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट मला जास्त डाचते. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर-नर्सेसमध्ये एका आजाराची साथ आली. जवळजवळ ३०० कर्मचारी आजारी पडले, हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. स्नायूंची कमजोरी, कमालीचा थकवा, थोड्या श्रमानं कोसळणं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं वाचून जाहीर केलं की हा सामूहिक उन्माद होता. पेशंटना ते भेटले नव्हते. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक. त्या आजाराचं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, लोक त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणून ओळखतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये सगळं संशोधन चाळून सांगितलं, की हा गंभीर, चिवट आणि सगळ्या शरीराला ग्रासणारा आजार आहे. उन्मादाच्या शिक्क्यापासून या निवाड्यापर्यंत ४५ वर्षं गेली. उन्मादाच्या विषयावर संशोधनाला पैसे कोण देणार? ते पैसेही या ४५ वर्षांत बुडाले.

लंडन राहू दे, आपल्या गडचिरोलीकडे या. राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अनेक रोग होते. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, कंबर भरून येणं, ओटीपोट दुखणं हे त्या बायकांनी बाईच्या जन्माला आलेलं म्हणून सोसलं होतं. सरकारी आरोग्यसेवेचं लक्ष होतं बाळंतपण आणि कुटुंबनियोजनावर. बाईला आणखी काही होत असेल, हे पाहायला कुणी गेलंच नव्हतं. पाहिलं, तेव्हा सापडलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या दिवशी हा अभ्यास वाचून दाखवावा असं मला वाटतं.

पुरुष यातून सुटलेत असं समजू नका. कॉलेजातला एखादा मुलगा सकाळी उठत नाही. हाक मारली की ‘पाठ आखडलीय’ म्हणतो, अकरापर्यंत लोळतो आणि संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळतो. बाप म्हणतो, कामाच्या वेळी पाठ दुखते, खेळताना नाही! बापाच्या लेखी हा आळशीपणाचा पुरावा. संधिवाताच्या डॉक्टरांच्या लेखी हीच अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची ठळक खूण आहे. या आजारात पाठ विश्रांतीनं आखडते आणि हालचालीनं मोकळी होते. सकाळी अर्धा तास, तासभर पाठ लाकडासारखी. उत्तररात्री दुखण्यानं जाग येते. वयाच्या विशीत, तिशीत हळूहळू सुरुवात. जगभरच्या अभ्यासांत निदानाला सरासरी सहा-सात वर्षं लागलेली दिसतात. तोवर मणके एकमेकांना चिकटायला लागलेले असू शकतात आणि ते मग सुटे होत नाहीत.

याच मुलाला ‘व्यायाम कर’ म्हणणं योग्य आहे, त्याच्या उपचाराचा तो मोठा भाग आहे. पण तोच सल्ला पिंपरीच्या त्या बाईला? जास्त काम झालं की पुढचे दोन दिवस आडवी, ही तिची मुख्य तक्रार. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिसची हीच सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, की श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा पेशंटसाठी हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला, कारण त्यानं माणसं आणखी खचत होती. तिला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ‘रोज पाच किलोमीटर चाला, सगळं ठीक होईल’ हे तिला तीन डॉक्टरांनी, दोन शेजारणींनी आणि तिच्या साहेबांनी सांगितलं. एकानंही आधी विचारलं नाही, की चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी तुला कसं वाटतं? एकाला उभं करणारा उपाय दुसऱ्याला पाडतो. म्हणून निदान हवं. नावाची हौस म्हणून ते कुणी शोधत नसतं.

बी-१२ चा विषय निघणारच, आपल्याकडे तो निघाल्याशिवाय राहत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली दाखवून दिलं, की खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांत मिळून दोनतृतीयांश जणांचं बी-१२ कमी होतं आणि मध्यमवर्गात प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. फार मोलाचं काम. बी-१२ च्या कमतरतेनं हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, तोल जातो आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही हे होऊ शकतं. तेव्हा ते तपासायलाच हवं. पण दोनतृतीयांश लोकांत जे सापडतं, ते तुमच्यातही सापडलं म्हणून तुमच्या दुखण्याचं कारण तेच, असं होत नाही. इंजेक्शनांचा कोर्स झाला, आकडा वर गेला, माणूस होता तिथेच. आता डॉक्टर म्हणतात, ‘कमतरता भरून निघाली, आता तुम्ही ठणठणीत.’ पेशंट म्हणते, नाही हो. मग ती कटकटी ठरते. आकडा बरा झाला, माणूस झाला नाही, इथे शोध पुन्हा सुरू व्हायला हवा. होतं उलटंच, फाइल बंद होते.

आता पैशांकडे येऊ. विमा नियामकानं २०१९ मध्ये आरोग्यविम्यातल्या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. तुमच्या पॉलिसीच्या कागदात ‘एक्सक्लूजन झीरो-फोर’ शोधा. केवळ तपासण्या आणि मूल्यमापनासाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही, असं तिथे लिहिलंय. अशी तरतूद का असते हे कळतं. उगाच दाखल होऊन चाचण्या उरकणारे आणि उरकवणारे दोघेही आहेत. पण ज्याचं सगळं आजारपणच सध्या तपासणी या टप्प्यावर अडकलंय, त्यानं काय करायचं? त्याचा एमआरआय खिशातून. त्याची संधिवाताची पॅनेल खिशातून. स्पेशालिस्टची फी खिशातून, आणि साताऱ्याहून, धाराशिवहून पुण्या-मुंबईला येण्याचं भाडंही. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च सहसा नसतोच. नाव मिळालं की दार उघडतं. नाव मिळवण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा.

सरकारी दारंही नावानंच उघडतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ठरलेल्या केंद्रांत उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, मुंबईचं केईएम त्यांतलं एक. पण आजार धोरणाच्या यादीत असावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल आहे. ‘अजून कळलेलं नाही’ हा प्रकार त्यात नाही. ऑफिसात एचआरला सर्टिफिकेटवर आजाराचं नाव लागतं. ‘व्हायरल’ लिहून तीन दिवस मिळतात. व्हायरल किती वेळा होणार?

घरात तर कागदही लागत नाही, नुसत्या नजरेवर निकाल लागतो. ‘काल तर लग्नात छान दिसत होतीस.’ हो, आणि त्या लग्नासाठी ती आधीचे दोन दिवस पडून होती, नंतरचे तीन दिवस उठली नाही. ते पाहायला कुणी आलं नव्हतं. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटल्यावर कुणाला तरी ‘बाहेरचं’ सुचतं. मग अंगारा, उतारा, अमावास्येच्या वाऱ्या, नाहीतर सगळे असाध्य रोग एकवीस दिवसांत बरे करणारा वैद्य. अशा बायकांना अंधश्रद्ध म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दवाखान्यानं दार लावून घेतल्यावर त्या जिथे उघडं दिसलं तिथे गेल्या. दार आधी कुणी लावलं ते विचारा.

‘मग काय सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या करायच्या?’ असं कुणी डॉक्टर मला विचारतील. मुळीच नाही. जाड फाइल म्हणजे चांगला तपास, असं मी म्हणणार नाही. चाचणीची नॉर्मल मर्यादा बहुधा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत निरोगी माणसांतही विसांत एक जण मर्यादेबाहेर पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका धडधाकट माणसावर करा, निदान एक तरी रिपोर्ट लाल अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के. सणासुदीला सवलतीत मिळणारी ‘फुल बॉडी’ पॅकेजं अशीच चालतात. लाल अक्षर सापडतं, त्याचा पाठलाग सुरू होतो आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

कमी पडतं ते ऐकणं आणि वाचणं. अमेरिकेत कुणालाच निदान न झालेल्या पेशंटसाठी एक खास जाळं आहे, अनडायग्नोज्ड डिसीजेस नेटवर्क. देशातली मोठमोठी केंद्रं, जनुकांची संपूर्ण तपासणी, सगळा सरंजाम. २०१८ मध्ये त्यांनी निकाल छापले. पूर्ण तपास झालेल्या ३८२ जणांपैकी १३२ जणांना निदान मिळालं. इतकं करूनही सुमारे दोनतृतीयांश बिननावाचेच राहिले, हे कुठल्याही डॉक्टरनं लाज न बाळगता पेशंटला सांगावं. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या १३२ पैकी १५ जणांचं निदान निव्वळ तज्ज्ञांनी नीट पाहून, सगळे जुने तपशील पुन्हा तपासून झालं. जनुकांपर्यंत जावं लागलंच नाही. आपल्याकडच्या फायलींत अशी किती निदानं न वाचता पडून असतील?

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. सरकारी ओपीडीत रांग जिन्यापर्यंत असते, एका माणसाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. खाजगीत भाडं, कर्ज, स्टाफचे पगार. हृदयवाला हृदय बघतो, पोटवाला पोट, सांधेवाला सांधे, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून बघणारा फॅमिली डॉक्टर शहरांतून नाहीसा होत चाललाय. त्याची जागा घेणारी सोय सरकारनं निर्माण करावी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ फक्त निदान न झालेल्यांसाठी ठेवावी, पेशंट थोडे घ्यावेत आणि वेळ जास्त द्यावा. इमारत बांधावी लागत नाही, यंत्र विकत घ्यावं लागत नाही. एक अनुभवी फिजिशियन, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि फोनवर चार स्पेशालिस्ट एवढ्यावर हे सुरू करता येईल.

आणि काही गोष्टी तर आजच, पाच मिनिटांच्या ओपीडीतही होण्यासारख्या आहेत. पिंपरीच्या बाईला उभं राहिल्यावर धडधडतं, ही तक्रार फाइलमध्ये जागोजागी लिहिलेली आहे. तिचं बीपी आणि नाडी प्रत्येक वेळी खुर्चीत बसवूनच मोजली गेली. आडवं झोपवून नाडी मोजायची, मग उभं करायचं आणि दहा मिनिटांपर्यंत अधूनमधून नाडी आणि बीपी घेत राहायचं. बीपी न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तिथेच राहिली, आणि तक्रारी महिनोन्‌महिन्यांच्या असल्या, तर पॉट्स नावाच्या विकाराचा विचार करावा लागतो. विषाणूच्या तापानंतर तो सुरू होऊ शकतो, कोविडनंतर तर जगभर हजारो लोकांत दिसला. या तपासणीला बीपीचं यंत्र, एक घड्याळ आणि आधाराला एक माणूस लागतो. दहा मिनिटं सिस्टरही उभी राहू शकते. पिंपरीच्या बाईची ही तपासणी अजून झालेली नाही. टूडी इको दोनदा झालाय.

आता जे अशी फाइल घेऊन फिरतायत त्यांच्यासाठी. फाइल डॉक्टरांच्या टेबलावर अख्खी ठेवू नका, ती उघडली जाणार नाही. एका पानावर सगळं लिहून न्या. कधीपासून, कशानंतर सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, आधी काय करू शकत होता जे आता जमत नाही. ‘खूप थकवा येतो’ असं लिहू नका. ‘दोन जिने चढल्यावर बसावं लागतं, मागच्या वर्षी लागत नव्हतं’ असं लिहा. घेतलेली औषधं आणि त्यांनी काय झालं तेही. ईसीजीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उडण्याच्या आत. कुठे दाखल झाला असाल तर तिथले कागद मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वजन आपोआप उतरत असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील, ताप जात नसेल, शौचातून किंवा थुंकीतून रक्त जात असेल, हातापायाची ताकद जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जा आणि हे पहिल्या वाक्यात सांगा.

सोबत कुणाला तरी न्या. शक्यतो घरातला जो सगळ्यात कमी विश्वास ठेवतो, त्यालाच न्या आणि डॉक्टरांसमोर विचारू द्या. आणि उठण्याआधी केस पेपरवर दोन गोष्टी लिहून मागा: ‘निदान बाकी आहे’ आणि पुढे कधी यायचं ती तारीख. लिहायला नकार दिला, तर डॉक्टर बदला.